फक्कीची रेघ

सकाळी साइटवर गेलं की फक्कीच्या रेघा जागेवर नसत.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः सुतळी ताणून, चुन्याची पांढरी फक्की सोडून आखणी करायची. इथं पायवाट, इथं लॉन, या कोपऱ्यात शेवगा, त्या कोपऱ्यात पाण्याची दगडी डोण. सकाळी येऊन बघावं तर शेवग्याचा गोल दोन हात सरकलेला, डोणीचा चौकोन पार भिंतीला लागलेला, आणि पायवाट मध्येच वळून कुठंतरी निघालेली. ऊन नुकतंच वर आलेलं असायचं. त्या कोवळ्या उन्हात सगळा प्लॉट दुधात बुडवून काढल्यासारखा दिसायचा, आणि त्यावर कालची रेघ, परवाची रेघ, एकमेकींवरून गेलेल्या. कुणीतरी झोपेत चालत गेल्यासारख्या.

"ताई, रेघ चालतीया बगा," माझ्याकडचा म्हातारा माळी म्हणाला. "पाय फुटल्यात तिला."

"पाय चपलेतले आहेत," मी म्हणाले. फक्कीत ठसे स्पष्ट होते. दोन जातींचे. एक मोठा, रबरी चपलेचा. एक लहान, अनवाणी.

बागा करून देण्याचा धंदा मी वीसेक वर्षं करते आहे. भिंगारच्या अलीकडे माझी नर्सरी आहे, एक टेम्पो आहे, चार कायमची माणसं आहेत. गिऱ्हाइकांचा मला राग येत नाही. एका निवृत्त फौजी साहेबांना दारात देवदार हवा होता. त्यांची काश्मीरला पोस्टिंग होती म्हणे. मी त्यांना वैशाखात अंगणात उभं केलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही इथं किती वेळ उभे राहाल?" ते चार मिनिटांत आत गेले. देवदाराचा विषय संपला. एका डॉक्टरांच्या घरी सावली हवी होती, पण पानं खाली पडायला नको होती. सावेडीतल्या एक बाई दर आठवड्याला फोन करून सांगायच्या, की तुम्ही दिलेला मोगरा माझ्यावर रुसलाय. मी जाऊन बघायची. त्या दिवसातून तीनदा पाणी घालायच्या. त्यांच्या माहेरी हंडा डोक्यावरून आणावा लागायचा. आता नळाला पाणी आलं होतं, तर त्यांना हात आखडता घेणं जमत नव्हतं. आमच्या जिल्ह्यात झाडं दुष्काळानं मरतात तशी मायेनंही मरतात.

ऐकून घ्यायचं, वहीत लिहायचं आणि एकदा फक्की पडली की बदल नाही, एवढा एकच नियम मी पाळत आले. आजवर कुणी मोडला नव्हता. कारण फक्कीला हात लावायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

हे गिऱ्हाईक शुगर फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेलं होतं. साठी नुकतीच उलटलेली, वर्षापूर्वी बायको वारलेली, मुलगा पुण्याला. भिंगारच्या पुढे नव्या प्लॉटिंगमध्ये बंगला बांधलेला, सगळ्या खोल्या नव्या रंगाच्या वासाच्या आणि रिकाम्या. मी त्यांना भाऊ म्हणायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं सरळ सांगितलं. त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी बहीण होती, आक्का. तीही विधवा. मुली आपापल्या घरी, आणि आक्का पुनर्वसनाच्या गावात एकटी राहायची. हिवाळ्यात ती दाराच्या पायरीवरून पडली आणि दोन तास तशीच पडून होती. तेव्हापासून हे तिला इकडे आणायला बघत होते. ती येईना. शेवटी म्हणाली, आखितीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत येते, बघते, मग जाईन.

"ती सिमेंटात राहत न्हाई म्हणती," ते म्हणाले. "म्हणून अंगण करायचंय. गावाकडं होतं तसंच्या तसं. ते बघून ती राहिली तर राहिली, ताई. न्हाई तर आखितीला तिला गाडीत बसवावं लागंल."

गावाकडचं म्हणजे कुठल्या गावाकडचं, हे मी विचारलं. ते गाव मुळा धरणाच्या पाण्याखाली होतं. गाव उठलं तेव्हा हे सहा वर्षांचे होते, आक्का बारा-तेराची.

मी आक्कांची खोली पाहिली. नवा पलंग, नवं कपाट, कपाटाला चावी लावलेली. आणि पलंगाच्या कडेला नायलॉनची एक निळी पिशवी. भाऊ सांगत होते, आक्का सकाळी पिशवीतून लुगडं काढायच्या आणि धुऊन वाळलेलं लुगडं परत पिशवीत घालायच्या. कपाट त्यांनी उघडून बघितलंसुद्धा नव्हतं.

भाऊंची मागणी साधी होती. शेवगा, डोण, मातीचा रंग असलेले पेव्हर, बाकी लॉन. ठिबकला टायमर. "आक्काला काडी उचलायला लागता कामा नये," ते म्हणाले. मी त्यांना तसंच करून देणार होते. देखभाल नको असलेली बाग हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग आहे. निम्म्या जागेत लॉन दोन दिवसांत अंथरून झालं. उरलेल्या, दारासमोरच्या निम्म्या जागेत रेघा चालायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. सहाचा सुमार असेल. फाटक ढकललं आणि तिथंच थांबले. आक्का हातात खराटा घेऊन माझा शेवगा पुसत होत्या. सावकाश, एका लयीत. पुसून झालं की मूठभर फक्की घेऊन नवा गोल काढत होत्या, दाराच्या डाव्या अंगाला. आणि त्यांच्या मागे, दहा पावलांवर, भाऊ हातात डबा घेऊन उभे. त्या पुढे सरकल्या की हे मागून येऊन तो गोल पुसायचे आणि उजव्या अंगाला काढायचे. चुन्याची धूळ उडत होती, तिच्यातून ऊन येत होतं, आणि दोन पिकलेली माणसं एकामागून एक त्या धुळीत फिरत होती. मी नीट जागी आहे ना, असं मला क्षणभर वाटलं.

मग आक्कांनी मागे वळून पाहिलं.

"आरं चोरा! त्वा पुसतूस व्हय? आन मी म्हणती वाऱ्यानं जातंय!"

"आक्का, शेवगा उजव्या अंगालाच होता. मी चढायचो त्याच्यावर."

"तू चढायचा! तुला चड्डी सावरता येत नव्हती. तू काय चढतूस?"

"डोण तरी विहिरीकडं होती का न्हाई?"

"डोण गोठ्याकडं हुती. ढोरं काय विहिरीत जाऊन पाणी प्यायची?"

"दोघंही थांबा," मी म्हणाले. "हे बघा, माझी माणसं तीन दिवस इथं खराट्याच्या मागं फिरतायत. उद्या संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून एक जागा सांगा. नाही तर मी शेवगा रस्त्यावर लावीन आणि माणसं दुसऱ्या साइटला नेईन."

आक्कांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "ही कोन?"

"बागवाली ताई, आक्का. सांगितलं न्हाई का तुला?"

"लई बोलती," आक्का म्हणाल्या. रागानं नाही, नोंद घेतल्यासारख्या.

भाऊ फक्कीचा डबा ओट्यावर ठेवून आले. मग म्हणाले, "ह्या साली पाणी लवकर उतरलंय. गावाची जागा उघडी पडलीय म्हणत्यात. जाऊन बघायचं का?"

असल्या कामाला मी एरवी हो म्हटलं नसतं. पण आखितीला आठ दिवस राहिले होते आणि मला जागा पक्की हवी होती. दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या केबिनमध्ये आक्का माझ्याशेजारी बसल्या. भाऊ मागे, मोकळ्या कुंड्यांमध्ये.

गाडी जिथपर्यंत गेली तिथपर्यंत नेली, पुढं चालत. धरणाचं पाणी दूर, निळ्या काठासारखं दिसत होतं. अलीकडे सगळा गाळ. काठाकाठानं लोकांनी गाळपेर केली होती, काकडीचे वेल ओल्या मातीवर पसरले होते. त्यापुढे काहीच नाही. भेगाळलेली जमीन, आणि पायाखाली कुरकुर फुटणारे शंख. इतके शंख, की आपण वाळलेल्या पानांवरून चाललोय असं वाटावं. एक तुटकं जाळं एका खुंटाला अडकून फडफडत होतं. आपण पाण्याच्या तळातून चाललोय, दोन महिन्यांनी इथं डोक्यावर पाणी असेल, हे मनातून जाईना. ऊन इतकं होतं की लांबचं सगळं हलत होतं. डोंगरही जागेवर राहत नव्हते.

"कुठं शोधायचं हिथं?" भाऊ म्हणाले. सगळीकडे सारखंच होतं.

आक्का थांबल्या. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी आधी समोरचा डोंगर पाहिला, मग डावीकडची टेकडी. दहा पावलं उजवीकडे गेल्या. परत पाहिलं. पुढे गेल्या.

"त्या डोंगराची खाच आन ह्या टेकडीचं नाक येका रेघंत आलं की आमचं दार," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, हरवलीस तर आसं बघत यायचं."

मी आयुष्यभर सुतळी ताणते आहे. इतकी लांब सुतळी मी कधी पाहिली नव्हती.

खाच आणि नाक एका रेघेत आलं, तिथं गाळातून दगडांची एक ओळ वर आली होती. घडीव दगड, वीतभर उंच. भाऊंनी पायानं गाळ सारला. जोत्याचा कोपरा निघाला. मग उंबऱ्याचा दगड, मध्ये झिजलेला. एक बगळा आमच्याकडे बघत पलीकडे उभा होता.

मी टेप काढली. काम करायला आले होते, ते केलं. जोत्यापासून समोरच्या कुंपणाच्या दगडापर्यंत अठरा फूट. रुंदी बावीस.

"अठरा?" भाऊ म्हणाले. "न्हाई, ताई. पुन्हा मोजा. मी हिथं टायर पळवायचो. पार तिकडच्या टोकाला जाऊन दम लागायचा."

मी पुन्हा मोजलं. अठरा.

ते टेपचं टोक हातात धरून उभे राहिले. त्यांच्या बंगल्याच्या बाजूची नुसती गाडी लावायची जागा याहून मोठी होती. डोण कुठं नव्हती. कुणी नेली असेल, किंवा खोल गाळात असेल. शेवग्याचं तर मूळही उरलेलं नव्हतं. डावा की उजवा, याचं उत्तर तिथं नव्हतं. एवढा रस्ता येऊन मला काय मिळालं, याचा मी विचार करत होते.

आक्का उंबऱ्यापुढे बसल्या होत्या. त्यांनी हातानं वरचा वाळलेला पापुद्रा बाजूला केला. खाली गाळ ओला होता, काळा, लोण्यासारखा. त्यावर त्यांचा तळवा फिरायला लागला. डावीकडून उजवीकडे एक कमान. तिच्याखाली दुसरी कमान, पहिलीला खेटून. मग थोडं मागं सरकून तिसरी. न बघता, जसं कुणी बोलता बोलता स्वतःचे केस विंचरावेत. माझ्यासमोर गाळाचा एक तुकडा बोटांच्या नक्षीनं भरत गेला. कडेपासून तो वाळायला लागला, काळ्याचा राखाडी झाला, आणि त्यांचा हात पुढं सरकत राहिला.

मी त्यांच्याशेजारी बसले. "आक्का, शेवगा खरंच कुठं होता?"

"कुनाला म्हाईत," त्या म्हणाल्या.

"मग भांडत का होता?"

"त्यो बोलतूय म्हनून. मी कुटं वर बघायची बाई? आई रानात जायची. सनवारी आंगण सारवायचं माझ्याकडं. मी खालीच बघायची. ह्या दगडापसून त्या दगडापत्तुर." त्यांनी अठरा फुटांवरून नजर फिरवली. "लई मोठं हुतं गं. कंबर जायाची."

परत येताना आक्का केबिनमध्ये झोपल्या. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत गाळ वाळला होता, आणि झोपेत ती बोटं मांडीवर हलत होती.

संध्याकाळी मी भाऊंना फाटकाशी बोलावलं आणि सांगितलं, की दारासमोर काही लावायचं नाही. पेव्हर नको, शेवगा नको, डोण नको. अठरा बाय बावीस मोकळी माती. चोपून द्यायची, सारवायची.

"आन सारवणार कोन?"

"कोण सारवणार?"

त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते चिडले. "ताई, ती पडलीय. तिचे गुडघे गेल्यात. जलमभर राबली ती. तिला काम पडू नये म्हणून तर मी ह्ये सगळं..."

"भाऊ, काम नसतं ते पाहुण्याला. तुम्ही तिला पाहुणी करून ठेवलीय. ती पिशवी भरूनच बसलीय."

"उद्या पडली परत, तर?"

"तर तुम्ही घरात आहात," मी म्हणाले. "तिकडं कोण आहे?"

ते लॉनकडे वळले. लॉनवर टायमरचं पाणी सुरू झालं. कुणीही हात न लावता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. करा, म्हणाले.

वीस वर्षांत मी कधी मोकळी जमीन करून दिली नव्हती. आधी मुरूम टाकला, पाणी मारलं, माळी आणि मी आळीपाळीनं धुमस घालून तो ठोकत राहिलो. वर गावाकडून आणलेली पांढरी माती, तिच्यात भुसा. लाकडी चोपण्यानं ती चोपायची. आणि आता मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक भेटलं. आक्का दारात पाट घेऊन बसल्या.

"ह्ये काय चोपलंय? भाकर थापलीया का?"

"सपाट आहे, आक्का. लेव्हल लावून बघितलीय."

"तुज्या लेवलीला काय कळतंय? पाणी कुनीकडं जायाचं मग? दाराकडून तिकडं उतरतं पायजे."

आम्ही उकरलं, उतार दिला, परत चोपलं.

"हितं खळगा हाय."

"कुठं?"

त्या अनवाणी उठल्या, मध्यभागी गेल्या आणि अंगठ्यानं जागा दाखवली. मला दिसला नाही. हात लावून पाहिलं तेव्हा लागला, नखाएवढा.

"आन शेण कुटलं आणलंय? म्हशीचं?"

"गाईचं आहे."

त्यांनी बादलीत बोटं घातली, चोळली, वास घेतला. "पातळ केलंय. पुन्हा कालवा."

माळी मला हळूच म्हणाला, "ताई, फौजी बरा हुता."

तीन वेळा आम्ही ती जमीन केली. चौथ्या दिवशी आक्कांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला, मला म्हणाल्या "सर बाजूला", आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. पाटावर बसून, मागं मागं सरकत. भाऊ खिडकीतून बघत होते. दोनदा बाहेर यायला निघाले, दोनदा मी त्यांना हातानंच थांबवलं. पाऊण अंगणात आक्का दमल्या. तशाच बसून राहिल्या, श्वास घेत. मग उरलेलं पुरं केलं.

आखितीला मी गेले नाही. दुसरीकडे काम होतं, आणि गिऱ्हाईक राहिलं की गेलं हे विचारायला फोन करणं माझ्या स्वभावात नाही.

नंतरच्या एका शनिवारी लॉनचा टायमर बिघडला म्हणून भाऊंचा फोन आला. मी सकाळीच गेले. फाटक ढकललं आणि आतून आवाज आला:

"तितंच थांब! पाऊल टाकशील तर बग!"

अंगण ओलं होतं. हिरवट, गर्द, सगळीकडे कमानीच कमानी, पाण्यावर लाटा असतात तशा. आक्का ओट्याच्या पायरीवर हात धूत बसल्या होत्या. आत, दाराच्या जाळीमागे, भाऊ उभे होते. अंगण ओलं, म्हणून त्यांनाही बाहेर पडता येत नव्हतं.

"आक्का, वाळलं का?"

"न्हाई. बस आत."

"ताई आल्यात. टायमर दाखवायचाय."

"टायमर कुटं पळून चाललाय?"

मी चपला हातात घेऊन फाटकाशी उभी राहिले. फोनवर दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांचे कॉल येऊन गेले, मी घेतले नाहीत. शेणाचा ओला, थंड वास येत होता. कडेची एक कमान वाळून फिकी झाली, मग तिच्या शेजारची. रंग हळूहळू मधोमध सरकत चालला होता, जसं लांब कुठंतरी पाणी उतरत जावं.

ओट्यावर, आक्कांच्या मागे, खुंटीला ती निळी पिशवी टांगलेली होती. आता तिच्यात तोंडापर्यंत सारवणाचा भुसा भरलेला होता.

"आता ये," आक्का म्हणाल्या. "कडंकडंनं. मधी वलं हाय."